चिपांची दुसरी ओळ

बाबांच्या हिरडीवर निळी रेघ होती. घरात आम्ही माणसं तीन, रोज समोरासमोर बसून जेवणारी, पण ती रेघ आमच्यापैकी कोणाला म्हणून दिसली नाही. दिसली ती चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला, तीही बाबा पोटातल्या कळेवर औषध मागायला गेले होते म्हणून. डॉक्टरने ओठ उचलून पाहिला, मग हात पुढे करायला लावले. डावा हात सरळ राहिला आणि उजवा मनगटातून खाली पडला, नळाखाली धरून ठेवलेल्या ओल्या फडक्यासारखा. “काम काय करता?” डॉक्टरने विचारलं. बाबा म्हणाले, “प्रेस आहे घरची. छपाईचे खिळे जुळवतो.” डॉक्टर माझ्याकडे वळला, कारण बाबांशी बोलून उपयोग नाही हे त्याने बहुतेक ओळखलं असावं. म्हणाला, “खिळ्यांतलं शिसं अंगात भिनलंय यांच्या. आत्ता सोडलं तर मनगट परत येईल. आणखी थोडे महिने हात घातला तर हा हात विसरा.” घरी येताना सायकल रिक्षात बाबा एकच वाक्य बोलले. “सोडून करू काय?” मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेन.

आमचं घर म्हणजे पुढे प्रेस आणि मागे संसार, मध्ये फक्त एक गोणपाटाचा पडदा. ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, चाललं की मागच्या खोलीतली फळीवरची भांडी खुळखुळायची आणि माय म्हणायची, “हे पाय, तुह्या बापानं बँड लावला.” शाई, रॉकेल आणि फोडणी यांचा मिळून एक वास होता, तो मला आजही कुठे आला तर पोटात भूक लागते. झिजलेले खिळे बाबा अंगणात कोळशाच्या शेगडीवर लोखंडी कढईत वितळवायचे, नागपूरच्या फाउंड्रीला त्याच्या लाद्या द्यायला. त्याच शेगडीवर मग माय भाकऱ्या टाकायची. कोणाला काय कळत होतं! दुपारी शाईच्या हातांनीच भात-लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, असली तर सुकट, आणि जुळवताना बाबांच्या तोंडात एखादा खिळाही असायचा, शिंप्याच्या तोंडात सुई असते तसा. मनगट पडायला लागलं तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, लाखोळीनं धरलं. आमच्या झाडीपट्टीत माणूस लंगडला की दोष लाखोळीच्या डाळीवर, मग तो झाडावरून पडलेला का असेना. मायने डाळ बंद केली. बाबांना ती फार आवडायची. रोज ताटाकडे पाहून तोंड वाकडं करायचे. मनगट काही वर आलं नाही.

हाताचं आम्हाला पहिल्यांदा जाणवलं ते वंदनेच्या वेळी. संध्याकाळी दिवा लावून आम्ही तिघं त्रिसरण म्हणायला बसायचो. हात जोडले की बाबांचा उजवा पंजा डाव्यावरून घसरायचा, ते डाव्याने त्याला वर लोटायचे, तो पुन्हा घसरायचा. मायने एकदा डोळे उघडून पाहिलं आणि तिची ओळ चुकली. पण हाच हात खिळ्यांच्या केसवर, त्या कप्प्यांच्या लाकडी पेटीवर, गेला की वेगळा. बोटांत जोर कमी झाला होता, शहाणपण नाही. बाबा खिळ्याकडे कधी बघतच नसत. प्रत्येक खिळ्याच्या अंगावर एका बाजूला बारीक खाच असते. ती खाच अंगठ्याला लागली की खिळा सुलटा, स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत बसवायचा; नाही लागली की बोटातल्या बोटात फिरवायचा. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की ओळ बरोबर. एखादी खाच वेगळी दिसली तर तो खिळा दुसऱ्या फॉन्टचा, काढून फेका. मी पाच वर्षांची असल्यापासून हे ऐकत आलेय. “डोळा फसवते पोरी, खाच नाई फसवत.” लग्नाच्या पत्रिका असोत की जयंतीची पत्रकं, बाबांच्या हातून उलटा खिळा गेलेला चंद्रपुरात कोणी दाखवून द्यावा.

तर, “सोडून करू काय” याचं उत्तर मामाने आणलं. मामा कोळसा खाणीच्या एका ऑफिसात कारकून होता. तिथे नवी मशिनं आली आणि जुनं एक कॉम्प्युटर प्रिंटरसकट कोपऱ्यात पडलं, ते मामाने साहेबाच्या हातापाया पडून आमच्यासाठी सोडवलं. दोन फ्लॉपीवालं, हिरव्या अक्षरांचं, आणि फक्त इंग्रजी जाणणारं. मी टायपिंग शिकले होते, नागपूरला मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा एक कोर्सही करून आले होते, म्हणून घरात मी मोठी शास्त्रज्ञ. मामा म्हणाला, नागपुरात आता एक देवनागरी कार्ड मिळते, ते आत बसवलं का मशीन मराठी लिहिते. मराठी टाइप करायचं, प्रिंटरने मेणकागदाचं स्टेन्सिल कापायचं, ते सायक्लोस्टाइलवर लावून प्रती काढायच्या. शिसं नाही, खिळा नाही. बाबांनी फक्त बसून प्रूफ वाचायचं. मला ते ऐकून रडू आलं, इतकं ते सोपं होतं. बाबा मात्र त्या खोक्याभोवती दोनदा फिरले, वरून टकटक वाजवलं आणि म्हणाले, “ह्याच्यात अक्षर ठेवते कुठी?”

एप्रिलचा महिना होता आणि आमच्या गावचं ऊन म्हणजे काय ते मी सांगायला नको. मामाने बजावलं होतं की मशीन थंडाव्यात ठेवा. म्हणून घरातला एकुलता एक खसचा कूलर मागच्या खोलीतून उचलून पुढे आणला. माय भडकली. “आमच्या जिवाले कूलर नाई, आन त्या डब्बूले कूलर! त्याले काय लू लागून राह्यली का?” तिचंही बरोबर होतं. शिवाय आमच्या हवेत नुसतं ऊन नाही, कोळशाची पूडही. सकाळी पुसलेली फळी दुपारी काळी. मशीनने ऑफिसात असताना तर ही पूड आणखी खाल्लेली. झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हा आत सगळीकडे मऊ काळा थर होता, भाकरीच्या तव्याच्या बुडाला असतो तसा. फुंकला तर बाबांच्या मिशा काळ्या झाल्या.

येरगुडे भाऊ आमच्या आयुष्यात आले ते इथे. मूळचे वरोऱ्याचे, नागपूरच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडे मेकॅनिक, आणि आठवड्यातून एकदा एसटीने चंद्रपूरला फेरी. जाडा चष्मा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि स्वभाव असा की चांगली बातमीसुद्धा कोणी गेल्यासारखी सांगणार. झाकण काढून बराच वेळ आत पाहत बसले. मी विचारलं, “भाऊ, बसंल न कार्ड?” 

“बसंल का नाई ते कार्ड नाई सांगत ताई, मशीन सांगते,” ते म्हणाले. “जुन्या मशीनले नवं अंग लावायचं म्हणजे पोरीचं लग्न आहे. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. एक नाई जुळली का वरात परत.”

मग त्यांनी एकेक दाखवलं. कार्ड लांब असतं. तळाच्या बोर्डावरच्या फटीत तर बसेल, पण मागे फ्लॉपीच्या पत्र्याला अडलं तर? वीज देणाऱ्या डब्याला एवढा भार झेपेल का? बारीक पांढरी बटणं होती, ती नव्या कार्डाप्रमाणे सरकवावी लागतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेमरी. आहे ती मराठीला पुरणार नाही. बोर्डावर मेमरीच्या चिपा बसवायच्या ओळी होत्या, काही भरलेल्या, दोन रिकाम्या. त्या दोन्ही भरायच्या, एका ओळीत नऊ चिपा, आणि चिपा त्याच जातीच्या हव्यात, दुसऱ्या चालणार नाहीत. बाबा इतका वेळ लांब बसून होते. “त्याच जातीच्या” म्हटल्यावर उठून आले.

“म्हणजे फॉन्ट एक पायजे,” ते म्हणाले.

“तसंच समजा काका.”

त्या दिवसापासून बाबा मशीनचे झाले. येरगुडे भाऊंनी कार्डाची लांबी-रुंदी सांगितली होती. बाबांनी खिळे मोजायची पट्टी घेतली, पत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून तेवढाच तुकडा कापला, कोपरे गोल केले, आणि तो एकेका फटीत उभा करून पाहायला लागले. पहिलीत अडला. दुसरीतही अडला, तिथे फ्लॉपीचा पत्रा पुढे येत होता. अगदी कडेच्या फटीत पुठ्ठा सरळ उभा राहिला. बाबांनी मला हाक मारली, मायला हाक मारली, शेजारच्या दुकानदारालाही मारली. “बसला! केसभर जागा राह्यते वरून!” पोटाला कळ आली होती त्या दिवशी, तरी डाव्या हाताने पोट धरून हसत होते. आता मामाच्या नातवाला असलं काही करायचं असलं की तो फोनवर मशीनचं नाव टाकतो आणि फोन सांगतो, हे जुळेल, हे जुळणार नाही. नव्या वस्तूंना कोपरेच असे कापलेले की उलट बसवतो म्हटलं तरी बसत नाहीत. त्या काळी जुळतं का हे विचारायला माणूस लागायचा आणि माणूस नागपूरला.

याच दिवसांत मडावी गुरुजी आले. भामरागडच्या पलीकडे कुठल्याशा शाळेवर शिकवायचे. वेताच्या काठीसारखे उभे, बारीक, पायात धुळीचे मोजे. पोरांना शाळेची मराठी कळत नाही म्हणून त्यांनी गोंडी आणि मराठी शब्दांची एक छोटी वाचनपोथी तयार केली होती. येर म्हणजे पाणी, लोन म्हणजे घर, असं मोठ्या अक्षरात. आधी दोन प्रेसवाल्यांनी नाही म्हटलं होतं, असले शब्द जुळवायला कोण बसतो म्हणून. शाळा उघडायच्या आत पोथ्या न्यायच्या होत्या, कारण नदी भरली की त्यांचा रस्ता बंद. मग दिवाळीपर्यंत तिकडे कोणी जात नाही आणि तिकडून कोणी येत नाही. बाबांनी कागद वाचायला घेतला, ओठ हलवत, “येर... लोन...” आणि म्हणाले, “न्या गुरुजी. बस बंद व्हायच्या आधी मिळून जाईल.” माय पडद्याआडून खाकरली. बाबा म्हणाले, “माह्या हातानं नाई. मशीनवर.” मी मान डोलावली. खरंच होतं ते. देवनागरी कार्ड येरगुडे भाऊंनी दुकानातून वापरून बघायला म्हणून कबूल करून ठेवलं होतं. आधी मेमरी बसली की पुढच्या फेरीला कार्ड घेऊन येतो म्हणाले. तोवर बाबांनी केसला हात लावायचा नाही, अशी मायने शपथ घालून ठेवली होती. त्यांनी पाळलंही. आणि काय सांगू, मनगट जरासं, अगदी जरासं वर यायला लागलं होतं. चहाची कपबशी त्यांनी एक दिवस उजव्या हाताने उचलली. माय उठून मागे गेली आणि बराच वेळ आली नाही.

चिपा आल्या, येरगुडे भाऊ नाही आले. त्यांच्या घरी कोणी आजारी पडलं होतं. नागपूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ त्यांनी पुडकं दिलं, तेव्हा अर्धा विदर्भ असाच कंडक्टरच्या भरवशावर चालायचा, आणि चौकातल्या एसटीडी फोनच्या बूथवर निरोप ठेवला की फोन करा. मी आणि बाबा दोघं त्या डब्यात शिरलो. उन्हाने डबा पेटलेला. येरगुडे भाऊ म्हणाले, थांबत असाल तर पुढच्या आठवड्यात मी येऊन बसवतो. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. “आठवडा गेला तं गुरुजीची पोथी पावसाच्या आधी नाई होत भाऊ. तुमी सांगा, आमी बसवतो.” मग भाऊंनी सांगितलं: वायर भिंतीतून काढा, चिपेला टोकांना धरा, पाय वाकू देऊ नका, कोणतं बटण कुठे सरकवायचं, आणि प्रत्येक चिपेच्या एका टोकाला खाच आहे, बोर्डावर पांढरी खूण आहे, खाच खुणेकडे. बाबांचा चेहरा मला आठवतो. एवढ्या वेळात त्यांना समजलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती मात्र त्यांना जगातल्या कोणाहीपेक्षा जास्त समजत होती.

“खाच आहे तं मंग काय,” परत येताना ते म्हणाले. “हे तं आमचेच खिळे आहेत.”

सकाळची वेळ धरली. मायने टेबलावर धुतलेली चादर घातली. उदबत्तीच्या काडीने मी बटणं सरकवली, दोनदा तपासली. पहिली चिप मी बसवायला गेले तर तिचा एक पाय इकडे, एक तिकडे. बाबा म्हणाले, “आण इकडे.” स्टूलवर बसले. डाव्या हाताने उजव्या मनगटाला खालून आधार दिला, चिप दोन बोटांत घेतली, अंगठा खाचेवरून फिरवला आणि दाबली. टच्. बसली. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. कितीतरी दिवसांनी बाबा काम करत होते. पहिली ओळ पुरी झाली, सगळ्या खाचा डावीकडे, पांढऱ्या खुणेवर, मोत्याच्या सरीसारख्या. दुसरी ओळ फ्लॉपीच्या पत्र्याखाली होती. बोट जात होतं, डोळा जात नव्हता. मी बॅटरी मारून पाहिलं. काळा थर होता, खूण दिसत नव्हती. मी म्हटलं, “बाबा, इथी खूण दिसून नाई राह्यली.”

“अवो माय,” बाबा म्हणाले, खुशीत आले की ते मलाही माय म्हणायचे, “एकाच बोर्डावर दोन ओळी, त्याच जातीच्या चिपा. फॉन्ट एक, खाच एक. वरच्या ओळीची खाच डावीकडे आन खालच्या ओळीची उजवीकडे असं कोणी जुळवते का? भटका खिळा म्हणतात त्याले.” मला पटलं. आजही कोणी समोर बसवून तसं सांगितलं तर पटेल. ज्या माणसाने जन्मात एक खिळा उलटा बसवला नाही, त्याचं नाही ऐकायचं तर कोणाचं ऐकायचं?

बाबांनी दुसरी ओळही बोटांनी चाचपत बसवली, सगळ्या खाचा डावीकडे. मी वायर लावली. बटण दाबलं. पंख्याने एकदा घर्र केलं आणि थांबला. हिरवा पडदा उजळलाच नाही. मग पत्र्याखालून एक बारीक आवाज आला, फुटाणा फुटावा तसा, आणि जळक्या प्लगचा वास. बाबांनी झडप घालून वायर उपटली. पत्र्याखालून धुराची एक रेघ निघाली, आमच्या तिघांच्या तोंडासमोरून वर गेली. माय म्हणाली, “बाप्पा बाप्पा बाप्पा.” बाबांनी खाली बोट घातलं आणि चटका बसून मागे घेतलं. पुन्हा घातलं. पुन्हा चटका. मी त्यांचा हात धरला तर ते म्हणाले, “सोड. पाहू दे मले. काय चुकलं ते पाहू दे.”

येरगुडे भाऊ दोन दिवसांनी आले, घरचं आजारपण सोडून आले बिचारे. फ्लॉपीचा पत्रा स्क्रू काढून बाजूला केला, रॉकेलचं बोट दुसऱ्या ओळीवरून फिरवलं. काळ्या थराखालून पांढरी खूण निघाली. उजवीकडे. बनवणाऱ्याने जागा पुरावी म्हणून ती ओळ उलटी फिरवली होती. नऊच्या नऊ चिपा उलट्या बसल्या होत्या, त्यांना वीज उलटी गेली, बोर्डावरची तांब्याची रेघ जळली, विजेचा डबाही गेला. “बोर्ड संपला,” भाऊ म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज बातमीला शोभत होता. “याच मेळाचा दुसरा पायजे. जुन्या मशीनचा बोर्ड आता बनतही नाई. कोणाचं मोडलेलं मशीन निघालं तं पाहीन. कवा निघंल, सांगता नाई येत. कार्ड मी दुकानात परत देतो.”

बाबा खूणच बघत होते. मग एकदम ओरडले. आमच्या घरात बाबांचा चढलेला आवाज कोणी ऐकला नव्हता. “उलटी काऊन बसवली? एक ओळ सुलटी आन एक उलटी, कोण्या हरामखोरानं जुळवलं हे? आमच्यात असा खिळा फेकून देतात! फेकून!” येरगुडे भाऊ मान खाली घालून बसले. ओरडून ओरडून बाबांना खोकला लागला. मी पाणी दिलं तर डाव्या हाताने घेतलं. थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाले, “माह्या हातानं गेलं.” मी म्हटलं, नाई बाबा. ते म्हणाले, “माह्या हातानंच गेलं. मले माईत आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर खिळ्यांचा आवाज येत होता. टक, टक, स्टिकमध्ये खिळा पडतो तो. पडदा बाजूला केला तर बाबा केससमोर उभे, समोर मडावी गुरुजींचे कागद. उजव्या मनगटाला मायच्या जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधलेली, पंजा वर राहावा म्हणून. माय तिथे जमिनीवर बसली होती. तिचं भांडून झालेलं होतं. तरी मला बघून पुन्हा सुरू झाली. “सांग तूच यायले! गुरुजीले सांगता येते न, नाई झालं म्हणून! शपथ घातली होती मी!”

“त्या पोरांचा रस्ता बंद होते,” बाबा म्हणाले.

“आन तुमचा हात बंद होते ते?”

टक, टक. मी पुढे जाऊन स्टिक धरली. म्हटलं, मी जुळवते, मला येतं, लहानपणापासून पाहिलंय. बाबांनी ती माझ्या हातातून इतक्या जोराने ओढली की जुळलेली ओळ खाली सांडली. “हात नाई लावायचा! ह्या घरात शिशानं एक माणूस खाल्ला, पुरे झालं.” मी रडले, पाया पडले, डॉक्टरचं बोलणं पुन्हा सगळं सांगितलं. नदी दिवाळीनंतर ओसरते, पोथ्या पुढच्या वर्षी वाचतील पोरं, पण हात पुढच्या वर्षी येणार नाही. ते खाली वाकून सांडलेले खिळे वेचत होते. “मशीन जळली तवा मी हातानं काम करत होतो,” ते म्हणाले. “त्याच्यावर काम सोडू का मी? ती उलटी ओळ माही शेवटची ओळ राहू देऊ का?” मला राग अजून येतो. त्यांचा येतो, त्या ओळीचा येतो, शाळा-बिळा सगळ्याचा येतो. मी फक्त गोंडी शब्द मोठ्याने वाचून दाखवायचं काम मागून घेतलं, आणि जेवायच्या आधी त्यांचे हात साबणाने मनगटापर्यंत घासून द्यायचं. ते लहान मुलासारखे हात पुढे धरायचे. रोज पंजा थोडा जास्त खाली असायचा. शेवटच्या पानांना तर पट्टीही पुरेना, ते डाव्या हाताने जुळवत होते आणि उजवा नुसता केसच्या काठावर पडलेला असायचा.

पोथ्या वेळेवर झाल्या. मडावी गुरुजी बसच्या टपावर गठ्ठे बांधून घेऊन गेले. जाताना त्यांनी बाबांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या लक्षात आलं. ते माझ्याकडे बघायला लागले. बाबा म्हणाले, “जा गुरुजी, बस सुटंल.” एकही चूक नव्हती त्या पोथीत. मी नंतर पुष्कळदा शोधली.

दिवाळी गेली. येरगुडे भाऊंना तसल्याच एका मोडक्या मशीनचा बोर्ड सापडला. आले, चिपा स्वतः बसवल्या, प्रत्येक ओळीची खूण आधी पुसून पाहिली, कार्ड लावलं. पडद्यावर मराठी अक्षर उमटलं. मी ‘अ’ लिहिला, नुसता ‘अ’, आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. सहा महिन्यांपूर्वी हे झालं असतं! मायने येरगुडे भाऊंना वडे-आंबील खाऊ घातली. मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रांचे दिवस होते, गावोगाव नाटकं लागलेली. पहिलं काम नाटकाच्या हँडबिलाचं आलं. मी टाइप केलं, प्रिंटर करकरला, कागद निघाला. बाबा खाटेवर बसून होते. दोन्ही हात मांडीवर, पंजे खाली वळलेले; पावसाळ्यात डावाही गेला होता. आता त्यांना माय भरवायची.

मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, “बाबा, प्रूफ.” त्यांनी चष्मा मागितला, मी घातला. वरपासून खालपर्यंत वाचलं, ओठ हलवत, पूर्वीसारखं. एका ठिकाणी थांबले. दाखवायला हात उचलला. हात खांद्यातून आला, कोपरातून आला, आणि पंजा लोंबत कागदावर पडला, चार ओळी झाकून. बोट काही सरळ होईना. त्यांनी दुसरा हात आणला, तोही तसाच. मी म्हटलं, सांगा न बाबा, तोंडानं सांगा. त्यांनी नाही अशी मान हलवली. मग हात बाजूला सारले, खाली वाकले, वाकत वाकत अगदी कागदाला भिडले आणि नाकाचा शेंडा एका अक्षरावर टेकवला.

“इथी,” ते म्हणाले. “मात्रा राह्यली.”